शिरखुर्म्याआधीचे तीस दिवस
मराठी लेखनातल्या रमजानचा शोध

मार्च २०२५मधली गोष्ट. वैरागच्या एका शाळेत मी मराठी शिकवतो. सातवीच्या चाचणीत 'माझा आवडता सण' हा निबंध आला होता. वह्या तपासताना एका मुस्लिम मुलीची वही हाती आली. तिने रमजान ईद हा विषय घेतला होता. अक्षर सुरेख, शुद्धलेखन चोख. पण निबंध वाचता वाचता मी थांबलो. तिने लिहिले होते की ईदच्या दिवशी आमच्या शेजारी राहणाऱ्या मुस्लिम काकूंकडून आमच्यासाठी शिरखुर्म्याचा डबा येतो आणि आम्ही सगळे आवडीने तो खातो.

निबंध मार्गदर्शकातून पाठ केलेला होता, हे उघड होते. ज्या दिवशी तिने तो लिहिला, त्या दिवशी तिचा रोजा होता. आपल्याच घरचा सण तिने पाहुण्याच्या नजरेतून लिहिला, कारण तो लिहिण्याची दुसरी मराठी तिच्यासमोर कोणी ठेवलीच नव्हती. मी तिला पूर्ण गुण दिले आणि त्या रात्री मला झोप आली नाही. निबंध मार्गदर्शक लिहिणाऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. त्याने मराठीत जे सापडले तेच उचलले. मग मराठीत रमजान नेमका कुठे आणि कसा सापडतो? या लेखात तोच शोध घ्यायचा आहे.

सुरुवात कविता-कादंबरीपासून न करता दप्तरापासून करू, कारण मराठीत रमजान सर्वांत जास्त वेळा लिहिला गेला तो कारकुनांच्या हातून. पेशवेकालीन पत्रांच्या शेवटी किंवा माथ्यावर तारखेची जी ओळ असते, तिच्यात 'छ' हे अक्षर येते, त्यापुढे चंद्राच्या तिथीचा आकडा आणि त्यापुढे महिन्याचे नाव : मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज. कोकणस्थ फडणिसापासून पाटील-कुलकर्ण्यापर्यंत ज्याचा म्हणून कागदाशी संबंध होता, त्याला ही बारा नावे तोंडपाठ असत. वर्ष मात्र हिजरी नसे. ते असे शुहूर सन, ज्याला अरबी सन किंवा मृगसाल म्हणत. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात शिरला की सुरू होई, म्हणजे पेरणीच्या तोंडावर. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहीत : खमस, सीत, सबा, समान. तारखेच्या एका ओळीत महिना आणि दिवस चंद्राचे, वर्ष सूर्याचे आणि शेतीचे.

ही तडजोड का करावी लागली, हे समजून घेतले तर रमजानचे सगळे गणितच उलगडते. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकराएक दिवसांचा फरक. हा फरक आपल्या पंचांगानेही पाहिला आणि हिजरी गणनेनेही. पंचांगाने त्यावर अधिक महिन्याचा तोडगा काढला. साडेबत्तीस महिन्यांच्या आसपास साठलेले दिवस एक महिना भरतात, मग तो महिना वाढवायचा आणि सणांना त्यांच्या ऋतूत बांधून ठेवायचे. इस्लामपूर्व अरबस्तानातही महिना वाढवण्याची चाल होती. ती इस्लामने बंद केली. तेव्हापासून हिजरी वर्षाचा नववा महिना, म्हणजे रमजान, कुठल्याच ऋतूला बांधलेला नाही. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि सुमारे साडेबत्तीस वर्षांत सगळे ऋतू फिरून पूर्वीच्या जागी पोचतो. इथे गणिताची एक गंमत आहे. अधिक मास येतो साडेबत्तीस महिन्यांनी आणि रमजानची फेरी पूर्ण होते साडेबत्तीस वर्षांनी. आकडा एकच आहे, कारण फरक एकच आहे. एकाने तो महिन्यांत फेडला, दुसऱ्याने वर्षांत.

रमजान या नावाच्या मुळाशी तीव्र उन्हाचा, भाजून काढणाऱ्या जमिनीचा अर्थ आहे. पण हा महिना थंडीतही येतो. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला याचा अर्थ पुस्तकातून शोधावा लागत नाही. आपल्याकडे दिवस लहान-मोठा होण्याचे प्रमाण बेताचे आहे. हिवाळ्यात रोजा साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांचा, उन्हाळ्यात साडेचौदा तासांचा. तासांतला फरक दोनच, पण घशातला फरक फार मोठा. २०१८ साली रमजान मेच्या मध्यावर सुरू झाला, २०१९ साली मेच्या पहिल्या आठवड्यात. २०१९चा तो उन्हाळा दुष्काळाचा होता. टँकरच्या रांगेत घागरी लावून उभ्या असलेल्या बायांमध्ये रोजा धरलेल्या बायाही होत्या. पाणी भरायचे, डोक्यावरून घरी आणायचे, त्यातल्या थेंबालाही तोंड लावायचे नाही आणि सूर्य मावळायची वाट पाहायची. हे दृश्य मी रोज पाहत होतो. ते मराठीत मला अजून वाचायला मिळालेले नाही.

थोडे मागे जाऊ. १९७२च्या दुष्काळावर मराठीत कथा, कविता, आठवणी भरपूर आहेत. खडी फोडणे, पाझर तलावांची कामे, सुकडी यांची एक पूर्ण स्मृती साहित्यात जमा झाली. त्या वर्षी रमजान ऑक्टोबर-नोव्हेंबरात होता, पुढच्या वर्षी सप्टेंबरअखेर सुरू झाला. म्हणजे दुष्काळी कामांच्या दिवसांत हा महिना येऊन गेला. त्या कामांवर तांबोळी, मुलाणी, पिंजारी, शिकलगार घरांतले लोकही होते. उपाशी माणसांच्या त्या गर्दीत, ठरवून उपास धरणारा एक माणूस काय विचार करत असेल? दुष्काळाने लादलेली भूक आणि व्रताने पत्करलेली भूक एकाच पोटात असतात तेव्हा काय होते? लेखकाला याहून मोठा विषय कोणता हवा? पण मी वाचलेल्या दुष्काळाच्या लेखनात हा माणूस मला भेटला नाही.

आता शब्दांकडे वळू. रमजानशी जोडलेले शब्द मराठीत उपरे नाहीत, मुक्कामी आहेत. फक्त ते राहतात कचेरीत आणि बाजारात. 'रोजा' हा फारसी 'रोज' म्हणजे दिवस यावरून आला. त्याच घरातले रोजगार, रोजंदारी, रोजमेळ, रोजनिशी हे शब्द मराठीने इतके आपलेसे केले की त्यांचे कूळ कोणी विचारत नाही. एकटा रोजा तेवढा 'त्यांचा' राहिला. 'जकात'चे उदाहरण तर याहून बोलके आहे. इस्लाममध्ये जकात म्हणजे सांपत्तिक ऐपत असलेल्याने आपल्या साठवलेल्या धनातून वर्षाला अडीच टक्के गरजूंसाठी काढायचा हक्काचा वाटा. पुष्कळ लोक तो रमजानमध्ये देतात. मराठीत जकात म्हणजे नाक्यावर ट्रक अडवून वसूल करायचा कर. महाराष्ट्रातून जकात गेली, मुंबईतली शेवटची २०१७ साली, पण शब्दाचा अर्थ तोच उरला. देणाऱ्याचा शब्द आपण घेणाऱ्याच्या तोंडी दिला. राज्यकर्त्यांची भाषा जशी दप्तरातून आली तशी ती मराठीत उतरली. त्या शब्दांमागचे घर, चूल आणि देवघराच्या जागी असलेला मुसल्ला हे मात्र तिच्याबरोबर आले नाहीत.

उलट बोलीने हे अंतर केव्हाच पार केले आहे. वैरागमध्ये कोणी 'रोजा रखा' असे मराठीत बोलताना म्हणत नाही. रोजा 'धरतात' आणि रोजा 'सोडतात'. एकादशी धरतात आणि सोडतात त्याच क्रियापदांनी. गावचे दैवत संतनाथ महाराज. त्यांच्या नावाने उपवास करणारी बाई आणि रोजेदार शेजारीण एकमेकींना 'तुझा उपास कधी सुटतो गं?' असे विचारतात, तेव्हा त्या कोणत्याही परिसंवादाची वाट पाहत नाहीत. भाषेने जे जमवले ते साहित्याला का जमले नाही, हा खरा समीक्षेचा प्रश्न आहे.

याचे उत्तर शोधताना मला एका जुन्या विभागणीचा उपयोग झाला. अकराव्या शतकातले इस्लामी विचारवंत इमाम गझाली यांनी रोजाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली सामान्य माणसाची : खाणे, पिणे आणि शरीरसुख यांपासून दूर राहणे. दुसरी विशेष जनांची : डोळे, कान, जीभ, हात, पाय यांनाही उपास घडवणे, म्हणजे वाईट पाहणे, निंदा ऐकणे, खोटे बोलणे टाळणे. तिसरी अतिविशेष जनांची : मनालाच ईश्वराखेरीज इतर कशाकडे जाऊ न देणे.

मराठी लेखनाला ही मोजपट्टी लावून पाहा. तिसऱ्या पायरीवर आपण श्रीमंत आहोत. श्रीगोंद्याचे शेख महंमद कादिरी परंपरेतले. चांद बोधले हे त्यांचे गुरू, आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही तेच गुरू मानले जातात. शेख महंमदांचा 'योगसंग्राम' साधनेला आतल्या युद्धाचे रूप देतो. शत्रू बाहेर नाही, वासनेत आहे, अहंकारात आहे. हे अंतरंगाच्या उपासाचेच शास्त्र आहे. रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' लिहून ही परंपरा अभ्यासकांपुढे ठेवली. आपल्याच जिल्ह्यात, करमाळ्यात जन्मलेले यू. म. पठाण यांनी सूफी संतांच्या मराठी लेखनाचा आयुष्यभर मागोवा घेतला. मराठी समीक्षेने या संतांवर प्रेम केले, यात शंका नाही.

पण या प्रेमात एक सोय दडलेली आहे. संतकवी जितका वर जातो, तितका तो 'सगळ्यांचा' होतो. त्याच्या शरीराला पडणारी कोरड, पहाटेची घाई, चुलीचा धूर यांची आठवण ठेवावी लागत नाही. मुसलमान मराठीत आला तो थेट तिसऱ्या पायरीवर आणि आपण त्याचे स्वागत केले. पहिल्या पायरीवरचा माणूस, ज्याला दुपारी चार वाजता डोके धरून बसावे लागते, तो दारातच राहिला.

आधुनिक गद्यात वेगळीच गोष्ट घडली. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मध्ये 'मुलाण्याचा बकस' आहे. त्र्यं. ना. आत्रे यांच्या 'गांवगाडा'मध्ये, १९१५ साली, मुलाणी बलुतेदारांत दिसतो. दोन्हीकडे मुसलमान गावाचा घटक म्हणून, त्याच्या कामासह येतो. ही नजर मोकळी आहे आणि खोटा गहिवरही आणत नाही. पण ती गावाच्या वेशीवरून, चावडीवरून पाहणारी नजर आहे. पहाटे चारला घराच्या आत काय चालते, हे चावडीवरून दिसणारच नाही.

वैरागपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर बार्शी. तिथे १९१६ साली जन्मलेले शाहीर अमर शेख, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांच्या शाहिरीतली भूक ही कामकऱ्याची भूक आहे. ती धर्म विचारत नाही आणि सांगतही नाही. लाल बावटा कलापथकाच्या व्यासपीठावर असेच व्हायला हवे होते. हमीद दलवाईंनी 'इंधन' लिहिली, १९६६ साली सात महिलांचा मोर्चा विधानभवनावर नेला, १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांच्या कथेला आपण बहुतेक वेळा समाजसुधारकाचा पुरावा म्हणून वाचले. त्यांच्या गद्यातले घर, स्वयंपाकघर, माणसांचे परस्परांशी बोलणे याकडे कथाकाराची कामगिरी म्हणून फारसे पाहिले गेले नाही. हा दलवाईंचा दोष नाही. वाचणाऱ्यांचा आहे. मुसलमान लेखकाने एकतर संत व्हावे, नाहीतर सुधारक व्हावे, अशी आपली एक न बोललेली अट आहे. नुसता कथाकार होण्याची मुभा त्याला सहजी मिळत नाही. १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे हीच कोंडी होती असे मला वाटते. आमचे जगणे आम्हीच मराठीत लिहू, हे त्या संमेलनाने सांगितले. त्याला आता पस्तीस वर्षे उलटून गेली.

मग उरतो तो नेहमीचा ललित लेख. ईदच्या आठवड्यात वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत तो येतो, दिवाळी अंकांतही येतो. त्याची चौकट ठरलेली : लहानपणचा वाडा, शेजारची चाची, चांदीचा वर्ख लावलेला शिरखुर्मा आणि शेवटी 'ते दिवस गेले' हा उसासा. अशा लेखांची भावना खोटी नसते. मीही असा एक लेख कधीकाळी लिहिला आहे, तेव्हा दगड मारण्याचा अधिकार मला नाही. पण या लेखाची रचना तपासली पाहिजे. त्यातला निवेदक नेहमी पाहुणा असतो आणि तो एकाच दिवशी येतो. एकोणतीस किंवा तीस दिवसांचा महिना सरल्यावर उगवणारी सकाळ तेवढी त्याला दिसते. चाचीला तो 'प्रेमळ' म्हणतो, पण महिनाभर ती रात्री किती तास झोपली हे त्याला माहीत नसते. रमजान हा शब्द या लेखांत येतो तो 'ईद'चे विशेषण म्हणून. जसे कोणी वारीवर लिहावे आणि आषाढीच्या प्रसादापासून सुरुवात करून तिथेच संपवावे.

त्या महिन्यात खरे काय असते? पहाटे चारच्या आधी घरातली बाई उठते. भाकरी थापते, रात्रीचे कालवण गरम करते, पोरांना उठवते, आणि सगळ्यांचे झाल्यावर घड्याळाकडे पाहत शेवटचे चार घास स्वतः खाते. आजारी, प्रवासी, गर्भवती, अंगावर पाजणारी यांना रोजातून सवलत आहे. पाळीच्या दिवसांत रोजा धरायचाच नसतो, तो नंतर भरून काढायचा असतो. त्या दिवसांतही ती उठते, सगळ्यांना वाढते आणि दिवसभर दीर-सासऱ्यांसमोर पाण्याचा पेला तोंडाला लावत नाही, कारण कोणाला कळायला नको. मशिदीत रात्री तराबीची लांब नमाज चालते. हमाली करणारा गडी दिवसभर पोती उचलून तिथे उभा राहतो. त्याचे पाय थरथरतात. शेवटच्या दहा दिवसांत कोणी मशिदीत एकांताला बसतो, सत्ताविसाव्या रात्री पोरे जागतात. ईदच्या नमाजेआधी फितरा काढायचा असतो, म्हणजे गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटेल. उधारीवर कपडे घेतलेल्या बापाचे गणितही याच महिन्यात मांडले जाते. आणि ज्याला रोजे झेपत नाहीत, किंवा धरावेसे वाटत नाहीत, असा एखादा तरुण बार्शी रस्त्यावरच्या टपरीच्या आडोशाला चहा पितो आणि ओळखीचे कोणी दिसले की तोंड फिरवतो. तोही या महिन्याचाच माणूस आहे. श्रद्धेचे साहित्य लिहायचे तर त्याच्याशिवाय ते पुरे होणार नाही.

एक लहानशी गोष्ट सांगतो. गावातल्या दुकानांतून रोज्याच्या वेळांची छापील कार्डे वाटतात. वैराग आणि पुणे यांच्या रेखांशात जवळजवळ दोन अंशांचा फरक आहे, म्हणून मार्चमध्ये आपल्याकडे सूर्य पुण्याच्या सात-आठ मिनिटे आधी मावळतो. माझ्या ओळखीच्या एका घरातला मुलगा पुण्यात कंपनीत कामाला आहे. आई साडेसहाच्या सुमाराला अजान झाल्यावर खजूर हातात घेते आणि थांबते. तिला ठाऊक असते की मुलाचे अजून व्हायचे आहे. शास्त्राने सांगितले आहे की वेळ झाली की रोजा सोडायला उशीर करू नये. ती खजूर तोंडात टाकते, पाण्याचा घोट घेते आणि ताटाला मात्र मुलाचा फोन आल्याशिवाय हात लावत नाही. शास्त्रही पाळले आणि आईपणही. या आठ मिनिटांत एक कथा आहे. ती लिहायला धर्माची माहिती थोडी लागेल, निरीक्षण जास्त लागेल.

कोणी म्हणेल, प्रत्येक सणाचा हिशेब साहित्याकडून मागायचा का? नाही मागायचा. विषयांचे आरक्षण साहित्याला मारक असते. पण हा विषय एका सणाचा नाही. ज्या घरांत मराठीतून भांडतात, मराठीतून हिशेब करतात, मुलांना मराठी शाळेत घालतात, त्या घरांतला बाराव्या हिश्श्याचा काळ मराठी गद्यात जवळपास रिकामा राहतो. मुलीला स्वतःच्या घरी पाहुणी व्हावे लागते, ते या रिकाम्या जागेमुळे. आणि यात तोटा एकट्या तिचा नाही. पाहुण्याला वाढलेले ताट बघून घर समजल्याचा भ्रम होतो, तो तोटा आपला.

२०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला आला आणि ईद ३१ मार्चला. लोकांना हा योगायोग वाटला. त्यात योगायोग थोडाच आहे. दोघांचा हिशेब एकाच अमावास्येपासून सुरू होतो. चैत्र शुद्ध प्रतिपदेला आपण गुढी उभारतो, आणि अमावास्येनंतर दिसणारी जी पहिली बारीक कोर, तिची वाट ईदला पाहतात. मराठीत तिला बिजेची कोर म्हणतात. २००४ ते २००६ या वर्षांत असेच दिवाळीच्या बाबतीत घडले होते. २००६ साली भाऊबीज आणि ईद लागोपाठ आल्या. भाऊबिजेला बहिणी जिला ओवाळतात ती कोर आणि ईदला मशिदीच्या गच्चीवरून शोधतात ती कोर एकच होती.

हा मेळ पुन्हा २०३७ साली बसेल. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला आहे आणि ईद त्यानंतर दोन-तीन दिवसांत. दिवाळी अंक बाजारात येतील तेव्हा रमजान चालू असेल. माझी ती विद्यार्थिनी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची झालेली असेल.

वह्या परत देताना मी तिला एवढेच म्हणालो की निबंध छान आहे, पण यातल्या काकू कोण? ती हसली आणि खाली बघू लागली. मग म्हणाली, सर, तशाच लिहायच्या असतात ना? दोन दिवसांनी तिने न सांगता दुसरा निबंध आणून दिला, दीड पानाचा. त्यात शिरखुर्मा नव्हता. आई पहाटे लाइट न लावता मोबाइलच्या उजेडात भाकरी कशी करते, धाकटा भाऊ हट्टाने रोजा धरतो आणि दुपारी माठाजवळ जाऊन नुसता बसतो, हे होते. शुद्धलेखनाच्या चुका अकरा होत्या. त्या मी शिसपेन्सिलीने बारीक दाखवल्या आणि वही तिच्या परवानगीने वर्गात वाचून दाखवली. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, माठाजवळ बसलेल्या भावाने शेवटी पाणी प्यायले का? तिने सांगितले नाही. म्हणाली, पुढच्या निबंधात लिहीन.